गवत वाफवायची पेटी: आठ महिने वापरल्यावर

आमच्या तट्टाणीचा खोकला थांबला. पेटी घेतली ती त्यासाठीच, आणि ते काम तिने चोख केलं. बाकीचं मात्र सांगायला हवं.

आमची तट्टाणी साधारण 200 किलोची. कोरडं गवत गव्हाणीत पडलं की दोन घास घेऊन ढासायला लागायची. पशुवैद्यांनी दुर्बीण घालून श्वासनलिकेतला चिकट कफ दाखवला आणि निदान केलं: दमा, गवतातल्या धुळीने आणि बुरशीने होणारा. स्टेरॉइड द्यायला ते राजी नव्हते. बाई गोलमटोल, मानेवर चरबीची घट्ट वळी, त्यात आदल्या वर्षी खुरं एकदा तापलेली. अशा जनावरात स्टेरॉइडने लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतला दुखरा दाह, उफाळू शकतो. म्हणून आधी वैरण सुधारायची ठरली.

पेटीचं काम सोपं आहे. गवत भरा, झाकण लावा, बॉयलरची वाफ तासभर आत सोडा. पहिले पंधरा दिवस मी झाकणातून वाफ दिसली की बंद करायचे. मधलं गवत कोमटच राहायचं आणि त्याला आंबूस वास यायचा. कोमट गवतात जंतू मरत नाहीत, उलट फोफावतात. आता थर्मामीटर मधोमध खुपसते आणि काटा शंभरच्या जवळ जाईपर्यंत हात लावत नाही.

तिसऱ्या आठवड्यात खोकला फक्त दुडक्या चालीच्या सुरुवातीला उरला, दुसऱ्या महिन्यात तोही गेला. सगळं श्रेय पेटीला देणार नाही. त्याच सुमारास खालचा पेंढा काढून धूळ चाळलेला लाकडाचा भुसा टाकला होता, आणि झाडलोट ती बाहेर असतानाच करत होते. पण मध्ये बॉयलर बिघडला, तीन दिवस कोरडं गवत घालावं लागलं आणि चौथ्या दिवशी ढास परत हजर.

माझी खरी चूक साखरेबाबत झाली. गवतातल्या जास्त साखरेनेही अशा जनावरात लॅमिनायटिस उफाळतो. वाफवलं की साखरही कमी होते असं मी धरून चालले होते. तशी ती फारशी होत नाही. उलट गवताला असा खमंग वास येतो की ती दुप्पट वेगाने खाते. चौथ्या महिन्यात एके सकाळी खुरं गरम लागली, आणि घोट्याच्या मागे बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. पशुवैद्य लगेच आले म्हणून निभावलं. गवत तपासून घेतलं तेव्हा साखर आणि स्टार्च मिळून 15 टक्के निघाले. अशा जनावराला 10 च्या आसपास किंवा त्याखाली हवं.

तेव्हापासून आधी भिजवते, मग वाफवते. पाण्यात साखर उतरते, पण जंतूही वाढतात. नंतरच्या वाफेने ते मरतात. क्रम उलटा केला तर वाफवण्याची मेहनत वाया. थंडीत रात्रभर भिजवते, उन्हाळ्यात दोन-तीन तासच. किती साखर उतरेल हे गवतागणिक बदलतं, म्हणून भिजवलंय एवढ्यावर निर्धास्त राहू नका. खनिजंही वाहून जातात, त्यासाठी मिश्रण वेगळं द्यावं लागतं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, पूर्ण बंद.

गवत भिजवण्याआधी, कोरडं असतानाच तोलते. शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा म्हणजे तिला 3 किलो, आणि भिजवताना जे विरघळून जातं त्याची थोडी भर. लठ्ठ आहे म्हणून उपाशी ठेवायचा मोह होतो, पण तट्टांना उपासाने रक्तात चरबी साचून जिवावरचं दुखणं होतं. बारीक भोकांच्या जाळीत घातलं की तेच गवत तिला दुप्पट वेळ पुरतं. जाळी खाली बांधते, मान खाली राहिली की कफ बाहेर येतो. तिला नाल नाहीत म्हणून हे जमतं. नाल असलेल्या घोड्याचा पाय जाळीत अडकेल.

तक्रारी: बॉयलरमध्ये क्षार साचतो, महिन्याला व्हिनेगर लागतंच. झाकणाचं रबर सहाव्या महिन्यात सैल झालं. आणि पहाटेचा एक तास कायमचा गेला.

नुसता खोकला असेल तर पेटी घ्या. नुसती खुरांची काळजी असेल तर पाण्याचं टब पुरेसं आहे. ते भिजवलेलं तपकिरी पाणी मात्र ओढ्यात सोडू नका, त्यात साखर असते आणि वासही भयंकर येतो.