मुलांच्या नावाने काढलेला मोठ्यांचा चित्रपट

मॉरिस सेंडक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ सालचे चित्रपुस्तक पाच मिनिटांत वाचून होते. दंगा केला म्हणून उपाशी झोपायला पाठवलेल्या मॅक्सच्या खोलीतच जंगल उगवते, तो राक्षसांचा राजा होतो आणि परततो तेव्हा जेवण अजून गरमच असते. एवढ्याशा गोष्टीवरून स्पाइक जोन्झ यांनी २००९ साली पाऊणेदोन तासांच्या आसपासचा चित्रपट काढला. स्वतः सेंडक त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते.

चित्रपटात खोलीत जंगल उगवत नाही. बहिणीच्या मित्रांनी बर्फाचे घर मोडलेले, सूर्य एक दिवस विझणार असे शाळेत सरांनी सहज सांगून टाकलेले, आणि घरी आईकडे तिचा मित्र आलेला. या सगळ्याने घुसमटलेला मॅक्स आईला चावतो, रात्री घरातून पळतो आणि होडीने राक्षसांच्या बेटावर पोहोचतो. बेटावरचे राक्षस या नव्या राजाकडे काय मागतात, तर आमचे दुःख दूर ठेवशील का! हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाचा नव्हे, संसार करून दमलेल्या माणसाचा आहे.

त्याआधीचा एक लहानसा प्रसंग मला साऱ्या राक्षसांहून मोलाचा वाटतो. कामाच्या काळजीत असलेली आई टेबलाशी बसली आहे, मॅक्स खाली आडवा पडून तिच्या पायमोज्याचे टोक ओढतो आहे. ती त्याला गोष्ट सांगायला लावते आणि तो सांगेल तशी टाइप करत जाते. कॅथरीन कीनर यांनी त्या आईचा थकवा आणि माया एकाच चेहऱ्यावर दाखवली आहे.

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले करणाऱ्या मुलांना बेटावरचा किल्ला आणि ढेकळांची लढाई आवडणारच. आमच्या टिळकवाडीच्या घरी भाच्यालाही तेवढेच आवडले. पुढे राक्षसांचे रुसवेफुगवे सुरू झाले, तेव्हा तो ‘मामा, आता काय होणार?’ असे विचारत राहिला, आणि खरे तर फारसे काही होत नाही. मधला भाग रेंगाळतो, हे मान्य केले पाहिजे. पण कॅरॉल या राक्षसाचा मत्सर, केडब्ल्यू या राक्षसिणीचे घर सोडून जाणे, आपण बांधलेले आपणच मोडणे, हे मोठ्यांना फार ओळखीचे आहे.

राक्षसांच्या पोशाखांत खरी माणसे आहेत आणि चेहऱ्यांचे हावभाव संगणकाने चढवले आहेत. त्यामुळे त्यांना वजन आहे, अंगाला माती लागते. कॅरॉलला जेम्स गँडोल्फिनी यांचा दुखावलेला, भीतिदायक आवाज आहे.

रागाच्या भरात कॅरॉल डग्लस या दुसऱ्या राक्षसाचा हात उपटतो. रक्त दिसत नाही, तरीही बालवाडीतल्या मुलांना हा चित्रपट दाखवू नये. चौथी‑पाचवीच्या मुलांना दाखवायचा असेल, तर शेजारी बसून इंग्रजी संवाद मराठीत सांगत जावे लागेल.