ब्रिन्युरा: चालणं-बोलणं टिकवतं, दृष्टी मात्र नाही

बॅटन रोग म्हणजे लहान मुलांच्या मेंदूचा आनुवंशिक आजार. त्याच्या सीएलएन२ प्रकारासाठी मंजुरी मिळालेलं पहिलं औषध म्हणजे सर्लिपोनेज अल्फा, बाजारातलं नाव ब्रिन्युरा. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे २०१७ साली परवानगी मिळाली. दुर्मिळ आजारांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी या औषधाकडे नीट पाहावं, कारण पैसा कुठे कामाला येतो ते यात स्पष्ट दिसतं.

आधी आजार. आई आणि वडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. टीपीपी१ हे एन्झाइम तयार होत नाही, त्यामुळे मेंदूच्या पेशींत टाकाऊ पदार्थ साचत जातात. साधारण २ ते ४ वर्षांच्या वयात आकडी येऊ लागते, पण त्याआधीच बोलणं मागे पडलेलं असतं. मग चालणं जातं, पुढे दृष्टी.

औषध म्हणजे तेच एन्झाइम, बाहेर तयार केलेलं. शिरेतून दिलं तर रक्तातून मेंदूत पोहोचत नाही. म्हणून न्यूरोसर्जन टाळूच्या त्वचेखाली रिझर्व्हॉयर, म्हणजे औषध टोचायची छोटी डबी, बसवतात आणि त्याची नळी मेंदूतल्या पोकळीत सोडतात. शस्त्रक्रियेनंतर किमान ५ ते ७ दिवसांनी पहिला डोस. दोन वर्षं आणि त्यावरच्या मुलांना दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटर, ताशी २.५ मिलिलिटर वेगाने. त्यामागून क्षारांचं द्रावण. सगळं मिळून साडेचार तासांच्या आसपास. कुप्या गोठवलेल्या येतात. खोलीच्या तापमानाला तासभर ठेवून वितळवायच्या, हलवायच्या नाहीत, पुन्हा गोठवायच्या नाहीत. नळीत ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतोच. अर्धा ते एक तास आधी अँटीहिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीवरचं औषध, द्यावं लागतं.

फायदा किती? ० ते ६ गुणांच्या चालणं-बोलणं मोजपट्टीवर उपचार न मिळालेल्या मुलांचे ४८ आठवड्यांत सरासरी २.१२ गुण घसरले, उपचार घेतलेल्यांचे ०.२७. हा फरक खरोखर मोठा आहे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकतं, आणि म्हणूनच लवकर सुरुवात हाच या औषधाचा अर्धा फायदा.

आता पैशाची गोष्ट. चाचणीत प्लासिबो गट, म्हणजे तुलनेसाठी खोटं औषध घेणारी मुलं, नव्हता. इतक्या वेगाने ढासळणाऱ्या मुलांच्या डोक्यात शस्त्रक्रिया करून नुसतं पाणी सोडणं कुणाला पटलं असतं? तुलना झाली ती जुन्या नोंदींशी: उपचार घेणारी २३ मुलं एका बाजूला, आणि डेम-चाइल्ड या रुग्णांच्या नोंदपटातली उपचार न मिळालेली ४२ मुलं दुसऱ्या बाजूला. कुणी तरी वर्षानुवर्षं, कसलंही औषध समोर नसताना, एकाच मोजपट्टीवर मुलांचं चालणं-बोलणं नोंदवत राहिलं म्हणून ही मंजुरी शक्य झाली. याच आजाराच्या डॅक्सहुंड कुत्र्यांवरचं कामही आधी झालेलं होतं. देणगीदारांना प्रयोगशाळेचं नवं यंत्र आवडतं, नोंदपटाच्या डेटा-एंट्रीचा पगार आवडत नाही. आमच्या मते पहिला पैसा तिथेच जावा. नोंदपट उशिरा सुरू झाला तर औषध तयार असूनही तुलनेला मुलं नसतात. आणि प्रत्येक केंद्राने वेगळी मोजपट्टी वापरली तर आकडे एकत्र करता येत नाहीत.

कमी पडतं तिथेही स्पष्ट बोलू. डोळ्यांत हे एन्झाइम पुरेसं पोहोचत नाही. मूल चालत राहतं आणि दृष्टी जात राहते. रिझर्व्हॉयरमध्ये संसर्ग होतो, गळती होते, म्हणून मेंदूतल्या द्रवाचा नमुना नियमित तपासावा लागतो. सारख्या सुया टोचून रिझर्व्हॉयर झिजतो. चार वर्षं पूर्ण होण्याआधी तो बदलण्याचा विचार करावा, अशी उत्पादकाचीच सूचना आहे. व्हीपी शंट, म्हणजे मेंदूतला जादा द्रव पोटात सोडणारी नळी, असलेल्या मुलाला हे औषध देता येत नाही. आणि किंमत: २०१७ मध्ये अमेरिकेतली जाहीर किंमत वर्षाला ७,०२,००० डॉलर होती.

२०२४ मध्ये अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांनाही परवानगी मिळाली. पण त्या वयात निदान होतं कुठे? वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर टीपीपी१ मोजता येतं. उशिरा बोलणारं मूल आणि कारण न सापडलेली आकडी एकत्र दिसली, की ही चाचणी सांगायला हवी. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी, करताना सेकंदाला एक-दोनदाच चमकणारा प्रकाशही दाखवायला हवा, नेहमीच्या जलद झोतांत या आजाराची खूण निसटते. पुढचा निधी डोळ्यांवरच्या उपचाराला आणि या थेंबाच्या चाचणीला मिळावा.