जिनमध्ये फूल कुठून आणायचं? मोगरा, एल्डरफ्लॉवर, फुलांचं पाणी की व्हायोलेट

लिंबाचा आंबटपणा आणि फुलाचा वास असलेलं जिनचं कॉकटेल घरी करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी जिनची बाटली शोधत बसतात. खरं तर साधी ड्राय जिन, म्हणजे गोड न केलेली जिन, पुरते आणि लिंबू घरात असतंच. ठरवायचं असतं ते फुलाचं, आणि त्याला चार वाटा आहेत: घरी केलेलं मोगऱ्याचं सिरप, एल्डरफ्लॉवरचं कॉर्डियल (दारू नसलेलं दाट सरबत) किंवा लिकर (गोड, सुवासिक मद्य), बाटलीत मिळणारं गुलाबाचं वा संत्र्याच्या फुलांचं पाणी, आणि व्हायोलेट या जांभळ्या फुलाचं लिकर. चारींची तुलना एकाच पायावर केली तरच फरक कळतो, म्हणून आधी पाया.

पाया: ४५, १५, १५

जिन ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस १५ मिली, साधं सिरप १५ मिली. साधं सिरप म्हणजे १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी. ३० मिलीच्या मापानं दीड, अर्धा, अर्धा. माप नसेल तर मोजायचा टेबलस्पून घ्या: तीन, एक, एक. अंदाजानं ओतू नका. इथे पाच मिली रस जास्त पडला तरी फूल त्याखाली दबतं.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. फ्रीजरमधून नुकताच काढलेल्या, पाणी न सुटलेल्या साध्या बर्फाचे सहा-सात खडे घालून १२ सेकंद जोरात हलवा. बाहेरून बाटली धरवेनाशी झाली की झालं. बर्फ आधीच वाडग्यात काढून ठेवला तर त्याला पाणी सुटतं आणि पेय पातळ होतं. ७५ मिलीचं हे मिश्रण हलवल्यावर साधारण १०० मिली होतं, म्हणजे ग्लासातला पाव भाग वितळलेला बर्फच असतो. त्यामुळे बर्फाचा वास पेयात येतोच. फ्रीजरात सुरमईच्या शेजारी उघडा ट्रे असेल तर मोगऱ्यावरची मेहनत वाया गेली म्हणून समजा. शेवटी चहाच्या बारीक गाळणीतून गाळा, म्हणजे बर्फाचा चुरा आणि लिंबाचे रेषे ग्लासात येत नाहीत.

मोगरा

उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची फुलं टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. हे सिरप म्हणजे तेच पाणी, फक्त दाट आणि गोड. चारही वाटांमध्ये सगळ्यात ताजा वास याचाच येतो. अडचण एकच: हे हंगामी काम आहे, आणि फुलं स्वतःच्या कुंडीतली किंवा खात्रीच्या ओळखीतली हवीत. बाजारातला गजरा यासाठी नको. त्यावर फवारणी काय झाली ते कळत नाही, आणि तो दिवसभर हाताळलेला असतो.

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला टपोऱ्या पण मिटलेल्या २०-२५ कळ्या खुडा. मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच वास सोडतो, म्हणून सकाळची पूर्ण उमललेली फुलं घेतली तर निम्मा वास आधीच उडालेला असतो. कळीखालचा हिरवा भाग काढून टाका, कडूपणा तिथून येतो. कळ्या अलगद धुऊन, उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात घाला आणि बरणी झाकून ठेवा. आठ तास पुरे. पाकळ्यांच्या कडा तपकिरी दिसू लागल्या की फुलं ताबडतोब काढा, त्यानंतर पाण्याला गवतासारखा वास यायला लागतो. गाळलेल्या पाण्यात १०० ग्रॅम साखर घालून न तापवता ढवळत राहा. साखर गार पाण्यातही विरघळते, फक्त आठ-दहा मिनिटं लागतात. तापवलं की घरभर मोगरा दरवळतो आणि सिरपमध्ये उरत नाही. एवढ्यात सुमारे १६० मिली सिरप होतं. पायातल्या साध्या सिरपऐवजी हे १५ मिली घालायचं, म्हणजे दहा ग्लास. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. जास्त ठेवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

कळ्या थेट जिनमध्ये भिजवण्याचा मोह होतो. तसंही जमतं, पण अल्कोहोल फुलातलं सगळंच ओढून घेतं. मोगऱ्यात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. थोडं असताना ते वासाला भरीवपणा देतं, जास्त झालं की कोमेजलेल्या हारासारखं लागतं. तरी करायचंच असेल तर २५० मिली जिनला ३० कळ्या, दर अर्ध्या तासानं चव पाहा, दोन-तीन तासांत काढा. रात्रभर विसरलात तर ती जिन वाचवता येत नाही.

एक इशारा: पांढरं सुवासिक फूल म्हणजे मोगराच असं नाही. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते तगरीसारखं दुसरं झाड आहे, ते पेयात नको. कण्हेर तर विषारीच.

एल्डरफ्लॉवर

हे युरोपातल्या एका झुडपाचं बारीक पांढरं फूल. इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियात त्याचं गोड-आंबट कॉर्डियल घरोघरी करतात. कॉकटेलच्या जगात त्याचा बोलबाला झाला तो २००७ मध्ये सेंट जर्मेन हे लिकर बाजारात आल्यापासून. वास लिची, पेअर आणि थोडा मधासारखा. मोगऱ्याइतका जोरकस नाही, पण वर्षभर तोच आणि तसाच मिळतो. ज्यांना ऐन थंडीतही तेच पेय हवं, किंवा जे लंडन-न्यू जर्सीत राहतात आणि ज्यांच्या कुंडीत मोगरा तग धरत नाही, त्यांनी दुसरीकडे पाहायचं कारण नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे कॉर्डियल आणि लिकर एकच समजणं. कॉर्डियलमध्ये दारू नसते, साखर भरपूर असते आणि बहुतेक वेळा सायट्रिक ॲसिडही असतं. म्हणून साध्या सिरपऐवजी कॉर्डियल १५ मिली घाला, पण लिंबू १२ मिलीवर आणा. लिकरचं उलटं: त्यात २० टक्के अल्कोहोल असतं आणि गोडी साध्या सिरपपेक्षा बरीच कमी. सिरपच्या जागी नुसतं लिकर ओतलं तर पेय दात आंबेल इतकं आंबट होतं. म्हणून लिकर २० मिली, सोबत सिरप ७ मिली, लिंबू १५, आणि जिन ४० वर. खर्चाचा विचार केला तर कॉर्डियल सरळ जिंकतं. उरलेलं सोड्यात घालून मुलांनाही देता येतं.

बाटलीतलं फुलांचं पाणी

ही वाट सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त पेयं बिघडवणारीही. गुलाबपाणी कुठल्याही वाण्याकडे मिळतं, संत्र्याच्या फुलांचं पाणी मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत किंवा ऑनलाइन. गुलाबपाणी घेताना लेबल वाचा. तोंडाला लावायची बाटली वेगळी असते. पोटात जाणार असेल तर बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक हवाच. लाल, घट्ट रोझ सिरप मात्र घेऊ नका, त्यात वासापेक्षा रंग आणि साखरच जास्त. ते फालुद्यात शोभतं.

पाया तसाच ठेवून गुलाबपाणी अर्धा छोटा चमचा. संत्र्याच्या फुलांचं पाणी तीन थेंब, तेही ड्रॉपरनं. न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोस यांनी १८८८ मध्ये केलेल्या प्रसिद्ध जिन फिझमध्ये लिंबू, क्रीम आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर हेच पाणी असतं, आणि तिथेही ते थेंबांनीच मोजतात.

थेंब वाढले की पेयाला साबणाचा वास येतो, आणि तो भास नसतो. लॅव्हेंडर, संत्र्याचं फूल यांच्या वासात लिनालूल हे द्रव्य असतं, आणि साबण-शाम्पूच्या सुगंधांतही तेच वापरतात. गंमत म्हणजे धन्यातही लिनालूल असतं, आणि धने जवळपास प्रत्येक जिनमध्ये असतात. म्हणूनच फूल आणि जिन यांचं जमतं, आणि म्हणूनच वरून घातलेलं थोडंसं फूलही चटकन जास्त होतं. लॅव्हेंडरची वेगळी वाट मोजली नाही ती याचमुळे. २०० मिली गरम सिरपमध्ये एक छोटा चमचा सुकी फुलं दहा मिनिटं ठेवली तर बरं लागतं. अर्धा तास ठेवली तर सर्दीचा बाम.

दुसरं कारण थंडपणाचं. गार पेयातून वास कमी उडतो. त्यामुळे शेक केल्याबरोबर घोट घेतला की फूल कमी वाटतं, माणूस आणखी चार थेंब टाकतो, आणि दहा मिनिटांनी ग्लास कोमट होता होता तेच पेय अत्तराच्या फायासारखं दरवळायला लागतं. चव पाहायची ती दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला. तरी कमी वाटलं तर थेंब पेयात नाही, ग्लासाच्या काठाला आतून लावा. नाक तिथेच असतं.

व्हायोलेट

एव्हिएशन हे फिकट जांभळं कॉकटेल फोटोंत फार देखणं दिसतं. ह्यूगो एन्सलिन या न्यूयॉर्कच्या बारटेंडरनं १९१६ मध्ये छापलेल्या कृतीत जिन, लिंबू, माराशिनो हे चेरीचं लिकर आणि व्हायोलेटचं लिकर आहे. आजचं प्रमाण साधारण जिन ४५, लिंबू १५, माराशिनो १०, व्हायोलेट ५ मिली. म्हणजे पाच मिलीसाठी एक आणि दहा मिलीसाठी दुसरी बाटली, आणि दोन्ही इथे सहज मिळत नाहीत. शिवाय व्हायोलेटच्या वासातली आयोनोन ही द्रव्यं नाकाला काही क्षण बधिर करतात, त्यामुळे वास येतो, जातो, पुन्हा येतो. ज्याला हा लपंडाव आवडतो त्याच्यासाठी ठीक. पहिलं कॉकटेल करणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. रंगच हवा असेल तर गोकर्णाची दोन सुकी फुलं सिरपमध्ये भिजवा. लिंबू पडलं की निळ्याचं जांभळं होतं. वास मात्र त्याला नसतो, हे पाहुण्यांना सांगायची गरज नाही.

लिंबू आणि जिन

मोगऱ्याला कागदी लिंबूच. त्याचा तीक्ष्णपणा मोगऱ्याचा जडपणा कापतो. एल्डरफ्लॉवर आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याला पिवळं, जाड सालीचं लिंबू मिळालं तर उत्तम, ते मऊ लागतं. लिंबू पिळताना शेवटच्या थेंबासाठी दाबू नका, सालीचा कडूपणा उतरतो. मोसंबीचा रस थोडा मिसळायचा असेल तर आयत्या वेळी काढा. मोसंबीत लिमोनिन हे कडू द्रव्य रस काढल्यावर हळूहळू तयार होतं, म्हणून दुपारी काढलेला रस रात्री कडवट लागतो. वरून सालीचा तुकडा पिळायला नागपुरी संत्र्याची साल सगळ्यात सोयीची. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यांत उडवलेला तो फवारा म्हणजेच सालीतलं तेल. फक्त या वेळी नेम ग्लासावर धरा.

जिन निवडताना उलटा विचार करा: तिच्यात आधीच काय आहे? ग्रेटर दॅन या भारतीय जिनमध्ये बडीशेप, कॅमोमाइल आणि गवती चहा आहे, मोगऱ्याशी तिचं चांगलं जुळतं. गोव्यात तयार होणाऱ्या स्ट्रेंजर अँड सन्समध्ये मिरी-जायफळाचा मसाला पुढे असतो. तिला संत्र्याच्या फुलांचं पाणी पेलतं, मोगरा दबतो. हापुसा नावाच्या जिनमध्ये हळद आणि कैरी आहे; ती सोड्याबरोबर प्यावी, फुलांच्या भानगडीत पाडू नये. गुलाबी, आधीच गोड केलेली जिन घेतलीत तर सिरपचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. आणि हो, महाराष्ट्रात जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवाना लागतो. गोव्यातली बाटली इथे आणणं म्हणजे उत्पादन शुल्क खात्याशी गाठ.

मग कोणी काय घ्यावं

कुंडीत मोगरा आहे आणि मार्च ते जूनचे दिवस आहेत, तर दुसरा विचार नको. वर्षभर, न चुकता, कमी खटपटीत हवं तर एल्डरफ्लॉवर कॉर्डियल. महिन्यातून एकदाच करणार, बाटल्या वाढवायच्या नाहीत, तर संत्र्याच्या फुलांचं पाणी. बाटली छोटी असते, थेंबांनी खर्च होते. गुलाबपाणी त्यानंतर. व्हायोलेट सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात, पंख्याखाली, हेच पेय उंच ग्लासात बर्फावर ओतून वर ६० मिली गार सोडा घातला तर अधिक बरं लागतं. मात्र सोड्यानं गोडी पातळ होते, म्हणून सिरप १५ चं २० करा. सोडा कधीही बाटलीत घालून हलवू नका, झाकण छताला लागेल. टॉनिक वॉटर इथे नको. त्यातल्या क्विनाइन या कडू द्रव्याचा कडूपणा फुलावर बसतो.

सहा जणांसाठी करायचं तर जिन २७० मिली, मोगऱ्याचं सिरप ९० आणि गार पाणी १५० एका बाटलीत मिसळून दुपारीच फ्रीजमध्ये ठेवा. हे पाणी म्हणजे शेक करताना जो बर्फ वितळला असता त्याची भरपाई, ते गाळू नका. लिंबाचा ९० मिली रस पाहुणे बसल्यावर काढा आणि तेव्हाच बाटलीत घाला. प्रत्येक ग्लासात १०० मिली ओता. फुलांचं पाणी वापरत असाल तर ते बाटलीत नाही, ज्याच्या त्याच्या ग्लासात, कारण तीन थेंब कोणाला कमी वाटतात आणि कोणाला एकच पुष्कळ होतो.