नॉरफोकनंतरचा फाटा: दलदलीतून जायचं की मोठ्या कालव्यातून?

व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मायामीपर्यंत, खाड्या, नद्या आणि कालवे जोडून केलेला अमेरिकेचा आतला जलमार्ग सुमारे १,१०० मैलांचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडीला पाठ दाखवून निघालेल्या शिडाच्या बोटी यावरून दक्षिणेला जातात. बऱ्याच बोटींवर माणसं दोनच, नवरा-बायको. आणि नॉरफोकच्या शून्य मैलापासून सातेक मैल जातात न जातात तोच दोघांचं पहिलं दुमत ठरलेलं: उजवीकडे वळून डिस्मल स्वॉम्प नावाच्या दलदलीतला कालवा धरायचा, की सरळ व्हर्जिनिया कट या मोठ्या कालव्याने जायचं? दोन्ही वाटा शेवटी आल्बमार्ल साउंड या विस्तीर्ण खाडीलाच मिळतात.

आधी बोट पाण्यात किती बसते ते बघा, हौस नंतर. दलदलीच्या कालव्याची खोली कागदोपत्री सहा फूट, पण तळाशी बुडालेले ओंडके पडलेले असतात. पाच फुटांपर्यंत बसणारी बोट निभावून जाते. त्यापुढे मी तरी धोका पत्करणार नाही. कटमध्ये बारा फूट पाणी धरून चालता येतं. डोलकाठीचा हिशोब मात्र दोन्हीकडे सारखाच, कारण पुढचे न उघडणारे पूल साधारण ६५ फुटांचे. दलदलीत एक जास्तीचं काम म्हणजे वर झुकलेल्या फांद्या. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून वर आणि खाली दोन्हीकडे बघायचं.

तरीही माझा कल दलदलीकडे. २२ मैलांचा हा कालवा १७९३ मध्ये खणायला घेतला आणि १८०५ मध्ये खुला झाला. खणणारे बहुतांश गुलाम होते, हातांनी खणणारे. आणि त्याच दलदलीच्या पोटात पळून आलेले गुलाम लपून राहत. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. झाडांतून उतरलेल्या टॅनिनमुळे ते लवकर नासत नसे, म्हणून पूर्वी जहाजांवर पिंपं भरून नेत. वारा पडलेला असला की त्यात दोन्ही काठांची झाडं अशी उतरतात की बोट नेमकी कशावरून चालली आहे असा प्रश्न पडावा. शीड अर्थातच गुंडाळलेलं. सगळा प्रवास इंजिनवर, हळू.

दोन टोकांना दोन लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दरवाजांचे कप्पे: डीप क्रीक आणि साउथ मिल्स. प्रत्येकात बोट साधारण आठ फूट वर किंवा खाली जाते. पाणी आत येताना बोट हेलकावते, दोर पुढे-मागे दोघांनाही सांभाळावे लागतात, आणि संसारातली आवाजाची पातळी इथेच तपासली जाते. लॉक दिवसातून मोजक्या ठरलेल्या वेळांनाच उघडतं. चुकलात तर बसा. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेलकम सेंटरच्या धक्क्यावर रात्र फुकट काढता येते, पण गर्दी झाली की बोटीला बोट बांधतात आणि शेजारी तुमच्या डेकवरून ये-जा करतात. हमरस्ताही लागूनच. खरी शांतता हवी तर साउथ मिल्स ओलांडून पास्कोटँक नदीच्या वळणांत नांगर टाका.

कटचं गणित सोपं आहे. १८५९ चा कालवा, ग्रेट ब्रिजचं ६०० फूट लांब एकच लॉक, चढउतार दोन-तीन फुटांचा. पण बार्जेसची वाट हीच, आणि उघडणारे पूल घड्याळावर चालतात. पुढे करिटक साउंडच्या बाजूला एक गंमत आहे. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी तिथीवरून कळते; इथे पाणी चंद्राचं ऐकत नाही, वाऱ्याचं ऐकतं. एकाच दिशेचा वारा टिकला की पातळी फूटभर हलते आणि वाट दाखवणाऱ्या खुणांबाहेर गेलेली बोट चिखलात बसते. कॉइनजॉकला डिझेल, धक्का आणि गोमांसाच्या अवाढव्य तुकड्यासाठी प्रसिद्ध असलेलं जेवण मिळतं. शाकाहारी असाल तर डिझेल भरा आणि नॉर्थ रिव्हरमध्ये जाऊन नांगर टाका.

माझं ऐकाल तर बोट उथळ असेल आणि तारखांची घाई नसेल, तर जाताना दलदल आणि वसंतात परतताना कट. कुठूनही गेलात तरी आल्बमार्ल साउंड वाऱ्याचा अंदाज बघून, सकाळीच ओलांडा. तो उथळ आहे, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कालवा सांभाळणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची सूचना वाचा. दुष्काळात पाणी कमी झालं की दलदलीची वाट बंद होते. २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर तर ती सुमारे वर्षभर बंद होती. त्या मोसमात नवरा-बायकोंना वाद घालायला हा विषयच उरला नव्हता.