डीअँडडी बियाँडचा कॅरेक्टर बिल्डर: हिशोब चोख, पण शेअर करताना डोळे उघडे ठेवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा फासे टाकून, कॅरेक्टरची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. तो ऑनलाइन खेळणाऱ्यांपैकी अनेकांचं पहिलं कॅरेक्टर डीअँडडी बियाँडवरच बनतं. 2017 मध्ये सुरू झालेली ही साइट 2022 पासून हॅस्ब्रोच्या मालकीची आहे, म्हणजे खेळ आणि साइट दोन्ही एकाच घरचे. मोफत खात्यात सहा कॅरेक्टर्स ठेवता येतात. बाराही क्लास (विझर्डसारखे कॅरेक्टरचे प्रकार) मोफत मिळतात, पण प्रत्येकाची एकच सबक्लास, म्हणजे उपशाखा. पहिल्या कॅम्पेनला (अनेक सेशन्स चालणाऱ्या कथेला) एवढं भरपूर झालं, त्यामुळे सुरुवातीलाच पुस्तकं विकत घेऊ नका.

बिल्डरची खरी ताकद बेरीज-वजाबाकीत आहे. क्लास, बॅकग्राउंड (पूर्वायुष्य), स्पीशीज (वंश), अ‍ॅबिलिटीज (ताकद, बुद्धी अशा क्षमता), इक्विपमेंट अशा क्रमाने पुढे जायचं. मॉडिफायर (क्षमतेच्या आकड्यावरून फाशात मिळवायचा आकडा), प्रोफिशियन्सी (प्रावीण्य), सेव्ह (संकटातून वाचण्याचा फासा) सगळं आपोआप बसतं आणि बरोबर बसतं. मात्र निवड शहाणपणाची आहे की नाही हे तो सांगत नाही. पॉइंट बायमध्ये, म्हणजे ठरावीक पॉइंट्स खर्चून क्षमतांचे आकडे घेण्याच्या पद्धतीत, हे लगेच दिसतं. सहाही आकडे 8 पासून सुरू होतात आणि खर्चायला 27 पॉइंट्स असतात. 13 पर्यंत दर पायरीला 1 पॉइंट, पण 14 आणि 15 साठी प्रत्येकी 2.

समजा लेव्हल 1 चा विझर्ड (जादूगार) बनवायचा आहे आणि बॅकग्राउंड सेज (विद्वान) आहे. बहुतेक जण इंटेलिजन्स 15, डेक्स्टेरिटी 14, कॉन्स्टिट्यूशन 14, विस्डम 12 आणि उरलेले दोन 8 वर ठेवतात. 27 पॉइंट्स संपले. मग सेजचे +2 इंटेलिजन्सला आणि +1 कॉन्स्टिट्यूशनला. कॉन्स्टिट्यूशन झालं 15, पण मॉडिफायर 14 ला होता तोच, +2, कारण तो सम आकड्यांवरच वाढतो. तो +1 पाण्यात गेला. त्याऐवजी कॉन्स्टिट्यूशन 13 वरच थांबवा. सेजमुळे ते 14 होतं, 2 पॉइंट्स वाचतात आणि करिझ्मा 8 वरून 10 वर येतो. बाकी काहीच कमी होत नाही. इंटेलिजन्स 17 हाही विषम आकडा आहे, पण तो चालतो, कारण लेव्हल 4 ला इंटेलिजन्स वाढवणारी फीट (खास कौशल्य) घेतली की 18 होतो. बिल्डर दोन्ही मांडण्या मुकाट्याने मान्य करतो. स्पेल सेव्ह डीसी (तुमचा मंत्र चुकवायला शत्रूला लागणारा आकडा) 13, स्पेल अटॅक +5, हिट पॉइंट्स (जीव) 8 हे आकडे दोन्हीकडे सारखेच दिसत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

खेळाच्या 2014 आणि 2024 च्या आवृत्त्यांचे नियम एकत्र आले की आणखी जपायला हवं. जुन्या नियमांत अ‍ॅबिलिटीची वाढ रेसमधून यायची, नव्यात ती बॅकग्राउंडमधून येते. जुनं बॅकग्राउंड आणि नवी स्पीशीज अशी जोडी जमली तर वाढ दोन्हीकडून निसटू शकते. 2024 च्या नियमांनुसार अशा वेळीही +2 व +1, किंवा तीन वेळा +1 घेता येतात. अ‍ॅबिलिटीजच्या स्क्रीनवर एकूण तीन वाढले आहेत का ते मोजा. जुन्या मजकुरावर लेगसी असं लिहिलेलं असतं. सगळं टेबल, म्हणजे तुमचा खेळणारा गट, 2024 वर खेळत असेल तर अगदी पहिल्याच स्क्रीनवर जुने सोर्स बंद करून टाका, याद्या निम्म्या होतात.

स्पेल दिसत नाही, ही नव्या खेळाडूंची नेहमीची तक्रार. लेव्हल 1 च्या विझर्डच्या स्पेलबुकात सहा स्पेल्स असतात, पण प्रिपेअर (वापरासाठी तयार) फक्त चार करता येतात. स्पेलबुकात घातलं आणि प्रिपेअरचं बटण दाबलं नाही, तर कॅरेक्टरच्या शीटच्या मुख्य यादीत ते स्पेल सहसा येत नाही. चिलखताचंही तेच: सामानात असून उपयोग नाही, इक्विप केल्याशिवाय आर्मर क्लास (तुमच्यावर वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) हलत नाही. मेज आर्मर हे संरक्षणाचं स्पेल तर टाकलं तरी आर्मर क्लास जागचा हलत नाही. आर्मर क्लासवर टॅप करून कस्टमाइझमध्ये ओव्हरराइड बेस आर्मर प्लस डेक्स या चौकटीत 13 अधिक डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर, म्हणजे आपल्या विझर्डसाठी 15, भरायचे. आठ तासांनी स्पेल संपलं की आकडा हातानेच काढायचा. तो राहून गेला तर पुढच्या सेशनभर कॅरेक्टर फुकटचं चिलखत घालून फिरतं आणि डीएमच्याही (खेळ चालवणाऱ्याच्याही) ध्यानात येत नाही.

लेव्हल वाढताना हिट पॉइंट्ससाठी फिक्स्ड (ठरावीक आकड्याचा) पर्याय बरा. मॅन्युअल घेतलात तर फाशावर पडलेला आकडाच भरा. कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर साइट स्वतः मिळवते, तुम्ही मिळवून भरलात तर तो दोनदा धरला जातो.

आता शेअरिंग. माझ्या मते बिल्डरची कमजोर बाजू हीच. प्रत्येक कॅरेक्टरला प्रायव्हसीचे तीन पर्याय आहेत: प्रायव्हेट, कॅम्पेन ओन्ली आणि पब्लिक. ही सेटिंग बिल्डरच्या पहिल्या स्क्रीनवर सगळ्यात खाली असल्याने सहसा कुणी तिथवर पोचत नाही. कॅम्पेनबाहेरच्या मित्राला लिंक पाठवली आणि त्याच्याकडे उघडली नाही, तर आधी तिथेच बघा. उलट बाजूही आहे. कॅम्पेन ओन्ली म्हणजे फक्त डीएम नव्हे. त्या कॅम्पेनमधले बाकीचे खेळाडूही तुमची शीट उघडू शकतात. राजवाड्यात विष कुणी कालवलं हे बॅकस्टोरीत लिहून ठेवलंत तर टेबलावरचं रहस्य सेशनआधीच फुटेल. अशी गुपितं डीएमला स्वतंत्र मेसेजमध्ये द्या आणि शीटवर सर्वांना माहीत असलेलाच भाग ठेवा. डीएमला कॅम्पेनमधल्या शीट्स बदलताही येतात, आणि ही फार उपयोगी सोय आहे: नव्या खेळाडूचं सामान किंवा स्पेल्स तो तिथल्या तिथे नीट करू शकतो.

विकत घेतलेली पुस्तकं सगळ्या टेबलाला वापरू द्यायची असतील तर कॅम्पेनमधल्या कुणा एकाकडे मास्टर टिअर सबस्क्रिप्शन हवं. प्रत्येकाने ते घेण्याची गरज नाही. हीरो टिअरमध्ये कॅरेक्टर्सची मर्यादा उठते, पण पुस्तकं वाटता येत नाहीत. या दोघांत घोळ घालून चुकीचं सबस्क्रिप्शन घेतलं जातं, म्हणून आधी टेबलावर बोलून ठरवा.

शीट बाहेर न्यायची तर सरळ मार्ग पीडीएफचा. पण पीडीएफ म्हणजे त्या दिवशीचा फोटो. लेव्हल वाढली की जुनी फाइल बाद, नवी काढायची. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर अव्रे बॉटने (फासे टाकणाऱ्या प्रोग्रामने) खेळणाऱ्यांनी कॅरेक्टर पब्लिक करून लिंक द्यावी. बॉट तिची स्वतःची प्रत बनवतो, त्यामुळे शीटवर काही बदललं की अपडेट कमांड द्यावी लागते. नवी तलवार शीटवर आहे आणि बॉट जुन्याच तलवारीने वार करतोय, असं झालं तर कारण हेच असतं.

होमब्रूमध्ये, म्हणजे खेळाडूंनी स्वतः रचलेल्या मजकुरात, स्वतःचे स्पेल्स, फीट्स, जादुई वस्तू, सबक्लासेस बनवता येतात. पूर्ण नवा क्लास मात्र नाही. होमब्रू आधी प्रायव्हेट ठेवून दोन-चार सेशन्स खेळवून बघा. एकदा पब्लिश केलं की तेच पान दुरुस्त करता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते, आणि ज्यांनी जुनी घेतली आहे त्यांच्याकडे जुनीच राहते.