गंगापूर रोडवरचा दातांचा दवाखाना: दाढ बंद करायची घाई नाही

रूट कॅनाल होऊन वर कॅप बसलेली माझी खालची दाढ पुन्हा ठणकायला लागली. गंगापूर रोडवरच्या एका एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालच्या तज्ज्ञ) मॅडमकडे ते काम नव्याने करून घेतलं. कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे माझे सगळे प्रश्न औषधांचे. मॅडमनी एकही टाळला नाही.

पहिली गोष्ट, गोळ्यांची चिठ्ठी दिली नाही. सूज नाही, ताप नाही, आणि मेलेल्या दाताच्या आत रक्तच पोचत नाही, तर गोळीतलं अँटिबायोटिक तिथे जाणार कुठून? हे त्यांनी दोन वाक्यांत पटवलं. दाताभोवती लाळ अडवणारा रबरी पडदा (रबर डॅम) लावून, आत भरलेला जुना रबरासारखा गटापर्चा काढून, मुळांतल्या नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने धुतल्या, आणि धुतच राहिल्या. जंतू मारता मारता मेलेला मांसल भागही विरघळवणारं दुसरं द्रावण नेहमीच्या वापरात नाही. मग नळीच्या भिंतीवरचा खनिजाचा थर काढणारं १७ टक्के ईडीटीए. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक वापरायचं तर मध्ये सलाइनने नीट धुवावं लागतं, नाहीतर हायपोक्लोराइटशी मिळून तपकिरी साका बसतो.

त्यानंतर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट, वर तात्पुरतं सिमेंट, आणि पुढच्या आठवड्याची वेळ.

इथे मी अडले. पुन्हा बिघडलेल्या दातांत एन्टरोकॉकस फीकॅलिस हा चिवट जंतू बऱ्याचदा सापडतो आणि तो या पेस्टला दाद देत नाही. पेस्टचा पीएच साडेबाराच्या आसपास, म्हणजे जंतूंना न सोसणारा तीव्र अल्कली असला तरी डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) तो खाली ओढतं, आणि हा जंतू प्रोटॉन, म्हणजे आम्लाचे कण, आत खेचून स्वतःला सांभाळतो. मग मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मिनोसायक्लिन या तीन अँटिबायोटिकची तिहेरी पेस्ट का नको? मॅडम म्हणाल्या, मिनोसायक्लिनने दात काळवंडतो, जंतू औषधाला सरावण्याची भीती असते, आणि पेस्ट कुठलीही असो, धुण्यातली कसर ती भरून काढत नाही.

मला हे मनापासून पटलं. आमच्या कॉलेजातल्या मुली अगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) ही औषधं तपासतात तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइडभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ छोटं येतं आणि त्या त्याला नापास करतात. पण ते अगारमध्ये पसरतच नाही, त्यात औषधाचा काय दोष? काढलेल्या दातांत जंतू काही आठवडे वाढवून केलेली चाचणी खऱ्या तोंडाच्या जास्त जवळ जाते. प्लेटवरचं मोठं वर्तुळ दाखवून कुणी पेस्ट खपवत असेल तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या वेळी नळ्या कोरड्या आणि दुखणं थांबलेलं पाहूनच मॅडमनी दाढ भरली. फी पहिल्या रूट कॅनालपेक्षा जास्त लागली, पण आकडा आधीच लिहून दिला होता. मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काळी सावली आहे, ती भरून येतेय का ते बघायला सहा महिन्यांनी बोलावलंय.

जाताना जुने एक्स-रे बरोबर न्या, त्या मागतातच. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळची वेळ घ्या.