क्लचचं पेडल जड असणं वेगळं आणि पोकळ असणं वेगळं: ४४,००० रुपयांची फसवणूक

खंडवा रोडवर सिमरोल सोडलं की घाट सुरू होतो. श्रावणात ओंकारेश्वरला निघालेल्या गाड्यांची तिथे रांग लागते, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर थोडं थोडं सरकत राहावं लागतं. गेल्या श्रावणात त्या चढावर माझ्या गाडीचं क्लचचं पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही. गाडी गचका खाऊन बंद पडली. मागे लोड भरलेला ट्रक, मागच्या सीटवर आई. हँडब्रेक ओढला, बुटाच्या टोकाने पेडल वर उचललं, पाच-सहा वेळा भराभर दाबलं, तेव्हा कुठे गिअर पडला. याच क्लचवर तीन आठवड्यांपूर्वी मी ४४,००० रुपये खर्च केले होते.

माझी गाडी २०१५ची डिझेल हॅचबॅक. कंपनीकडून आली तेव्हा इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. इंजिनाचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला त्याच्या संगणकाची सेटिंग बदलणं) केल्यावर तो वाढला आणि मूळ क्लचला पेलेना. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की टॅकोमीटरचा काटा वर पळायचा, वेग मात्र तेवढाच, आणि जळका वास. क्लच घसरतो म्हणतात तो हा. म्हणजे जास्त ताकदीचा क्लच हवा होता हे खरंच. इंदुरातल्या एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये गेलो. काउंटरवर परफॉर्मन्स किटचा सीलबंद खोका दाखवला, मी त्याचा फोटोही काढला. बिल असं झालं: किट ३२,०००, फ्लायव्हीलला (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती) लेथवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, २,०००, नवीन स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब पाइपातल्या द्रवातून घेऊन क्लच सोडवणारा) ३,०००, मजुरी आणि एअर, म्हणजे त्या पाइपातली हवा, काढणं ७,०००.

गाडी हातात आली त्याच दिवशी पेडल मऊ लागलं. पहिला निम्मा टप्पा नुसता रिकामा, रिव्हर्स टाकताना करकर. मी विचारलं तर उत्तर आलं, "भिया, परफॉर्मन्स क्लच है, ऐसा ही रेता है. हजार किलोमीटर चलाओ, बैठ जाएगा."

मी यावर विश्वास ठेवला, कारण यात अर्धं खरं होतं. परफॉर्मन्स क्लचच्या प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) स्प्रिंग कडक असते, म्हणून पेडल जड लागतं. काही प्लेटी पेडल सोडून गाडी हलवताना थोड्या थरथरतात. नवीन प्लेट बसायला शहरातल्या हलक्या वापराचे ५०० ते ८०० किलोमीटर द्यावे लागतात, हेही बरोबर. पण पेडल मऊ असणं, रिकामं असणं, दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडणं याचा प्लेट बसण्याशी काडीचाही संबंध नाही. ती पाइपातली हवा असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर हवा दाबण्यातच संपतो, स्लेव्ह सिलिंडरचा दांडा पूर्ण सरकत नाही आणि क्लच अर्धवट सुटतो. पंप केल्यावर सुधारत असेल तर पहिला संशय हवेवर घ्यावा. जड पेडल चालेल, पोकळ पेडल एक दिवसही चालवू नका.

घाटातून परत आल्यावर रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांना दाखवलं. त्यांची उभी हयात पीथमपूरच्या कारखान्यात गिअरबॉक्स जोडण्यात गेली. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "अरे, हे निपल बघ." स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीड निपलवर (हवा बाहेर काढायचं तोंड) जुनी रबरी टोपी चिखलाने थापलेली, कित्येक वर्षांत हात न लागलेली. ज्या सिलिंडरचे ३,००० घेतले तो जुनाच होता, आणि एअर काढण्याचे पैसे घेऊन निपल उघडलंच नव्हतं. काकांचा अंदाज असा की गिअरबॉक्स उतरवताना सिलिंडर नुसता सोडून बाजूला लटकवला असेल, कोणीतरी पेडल दाबलं, पिस्टन बाहेर आला आणि हवा शिरली. मग वरून द्रवाच्या डबीत द्रव ओतून गाडी माझ्या हवाली केली.

काकांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे, माझ्यासमोर, पुन्हा गिअरबॉक्स उतरवला. ते दृश्य बघवत नव्हतं. प्रेशर प्लेट माझी जुनीच, वर काळा रंग मारलेला. तिच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांच्या टोकांवर जुन्या बेअरिंगने घासलेलं कडं स्पष्ट दिसत होतं, तीन आठवड्यांत ते पडत नाही. क्लच प्लेट रिलायनिंग केलेली, म्हणजे जुन्याच प्लेटीवर नवं अस्तर ठोकलेली, रिव्हेट वेगवेगळ्या माथ्यांचे, खोक्यावर होता तसा नंबर कुठेही नाही. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग तसेच होते, लेथने त्याला शिवलंही नव्हतं. हे सगळं बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या, आत झाकलेलं असतं, हाच त्यांचा आधार. परत उघडायचं तर पुन्हा ५-६ हजार मजुरी, म्हणून कोणी उघडत नाही.

दुसऱ्या वेळी एअर कशी काढतात ते मी नीट पाहिलं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक थोडा द्रव घेतलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, बुडबुडे बाहेर, निपल बंद, आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा परत आत खेचली जाते. डबीची पातळी सतत राखायची, नाहीतर वरून हवा शिरते. आमचे लोक क्लचच्या या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. डॉट ४ दर्जाचा हा द्रव ग्लायकॉलवर आधारित असतो, हवेतली ओल शोषतो. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पुरेसं पाणी शोषल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो. चुकून इंजिन ऑइल पडलं तर सिलिंडरची रबरं फुगून निकामी होतात. माझ्या गाडीतून निघालेला द्रव कोऱ्या चहासारखा होता.

म्हणून गिअरबॉक्स परत चढवण्याआधी तिथे हजर राहा, प्लेटवरचा नंबर खोक्याशी जुळवून फोटो काढा. काढलेले सगळे जुने भाग गाडीत टाकून घरी न्या. बिलात जितके नवे भाग, तितके जुने भाग तुमच्या हातात आलेच पाहिजेत. मी तेव्हा मागितले नव्हते. मागितले असते तर रंगवायला त्यांच्याकडे जुनी प्लेट उरलीच नसती.

वर्कशॉपवाल्याला फोटो दाखवले तर म्हणाला, भाग तुम्हीच बदलले असतील. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस पाठवली. नोटिशीनंतर १५,००० परत आले, "सद्भावना म्हणून" असं लिहून. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ती रंगवलेली प्रेशर प्लेट, रिलायनिंगची प्लेट आणि चिखलाच्या टोपीसकट तो सिलिंडर मी गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले आहेत. सुनावणीला तेच घेऊन जाणार आहे.